बिल्ला लाल, बावटाही लाल

भाऊबीजेला आमच्या ओट्यावर दोन लाल रंग समोरासमोर बसायचे. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. मामाच्या झोळीत घडी घातलेला लाल बावटा. नाना चांदवड तालुक्यातले पाच एकरांचे कांदा उत्पादक. मामा सातपूरला एका कारखान्यात फिटर, युनियनमध्ये आघाडीवर, आणि सुटी मिळाली की कम्युनिस्टांच्या किसान सभेच्या कामाला सुरगाण्याच्या डोंगरात जाणारा. लांबून बघणाऱ्याला दोघं एकाच मोर्चातले वाटले असते.

"सरकारनं आमच्या मानगुटीवरून उठावं, एवढंच मागणं आहे," नाना म्हणत.

"सरकार उठलं की त्याच जागी सावकार येऊन बसेल, दाजी."

"बसू द्या. सावकाराला दार लावता येतं. कलेक्टरला लावता येतं का, पाव्हणं?"

"तुमच्या दाराला कडी आहे म्हणून लावता येतं. ज्याला दारच नाही, त्यानं काय करायचं?"

मध्ये फराळाचं ताट असे. आई दोघांच्या पुढ्यात चहा ठेवून आत जाई. मी उंबऱ्यावर बसून ऐकत असे आणि मनात ठरवून टाकत असे, की दोघांतला एक कुणीतरी चुकतोय. मोठी झाले की कोण ते मला कळेल. मोठी होऊन आता बरीच वर्षं झाली. तो निकाल मला अजून देता आलेला नाही, आणि तो का देता येत नाही, हे मात्र थोडं थोडं कळत गेलं. ते लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

पुण्यात राज्यशास्त्र शिकायला गेले तेव्हा सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली होती. डाव्या टोकाला डावे, उजव्या टोकाला उजवे, आणि त्या उजव्या टोकाच्याही पलीकडे, अगदी फळ्याच्या कडेला, ‘लिबर्टेरियन’. मराठीत स्वतंत्रतावादी. माणूस हा स्वतःचा मालक आहे, त्याच्या कष्टाचं फळ त्याचं आहे, आणि राज्यसंस्थेनं त्याच्या जगण्यात कमीत कमी हात घालावा, असं मानणारे. मी वहीत ती रेघ उतरवून घेतली आणि त्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं: नाना. लिहिलं खरं, पण मन मानेना. लाठी खाल्लेले नाना, बायकोच्या नावावर जमीन करणारे नाना, धनदांडग्यांच्या रांगेत, रेघेच्या त्या टोकाला कसे काय जाऊन बसले?

त्या अस्वस्थतेतून वाचत गेले आणि एक गोष्ट हाती लागली, ती आजही मला मोलाची वाटते. राजकारणात हा शब्द पहिल्यांदा वापरणारा माणूस उजवा नव्हताच. जोसेफ देजाक नावाचा फ्रेंच कामगार, घरांच्या भिंतींना कागद लावणारा कारागीर, देशोधडीला लागून अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला पोचलेला. अराजकवादी आणि त्यातही साम्यवादी. १८५७ साली त्यानं प्रूधाँला एक खुलं पत्र लिहिलं. प्रूधाँ म्हणजे ‘मालमत्ता ही चोरी आहे’ म्हणणारा थोर विचारवंत. राज्य नको, धनी नको, असं सांगणारा. पण बाईनं मात्र घरात नवऱ्याच्या हुकमात राहावं, असंही तोच सांगायचा. देजाक त्याच्यावर चिडला. तू अर्धाच स्वातंत्र्यवाला आहेस, उदारमतवादी आहेस फार तर. पुरता ‘लिबर्तेर’, म्हणजे लिबर्टेरियन, नाहीस, असं त्यानं सुनावलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यानं त्याच नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि १८६१ पर्यंत ते कसंबसं चालवलं.

म्हणजे हा शब्द जन्मला तो बाईच्या स्वातंत्र्यावरून झालेल्या भांडणात, एका कामगाराच्या लेखणीतून, डाव्यांच्याच घरात. मुक्त बाजारपेठेचा जो अर्थ आज त्याला चिकटलेला आहे, तो विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत चिकटला. फळ्यावरची ती रेघ मी त्या दिवशी खोडली नाही, पण तिच्यावरचा विश्वास उडाला.

नानांचं स्वातंत्र्याचं वेड पुस्तकातून आलेलं नव्हतं, ते कांद्यातून आलं होतं. १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, तेव्हा नाना पंचविशीत होते. खेरवाडीला गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. पुढच्या एप्रिलात निपाणीला तंबाखूच्या आंदोलनात बारा गेले. या सगळ्याच्या पुढे उभा होता तो माणूस शेतकऱ्यांच्या पोटी जन्मलेला नव्हता. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी साताऱ्याचे, टपाल खात्यातले अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात नोकरीला होते. ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले आणि स्वतःच्या शेतीचा हिशेब मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं, की शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, त्याला तोट्यात ठेवलेलं आहे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तिथून आली.

‘ठेवलेलं’ या शब्दावर नानांचा फार जोर. कोण ठेवतं? तर कायदा. १९५५ चा आवश्यक वस्तूंचा कायदा: साठा किती करायचा ते सरकार ठरवणार. विदर्भातल्या कापूसवाल्यानं १९७२ पासून एकाधिकार खरेदीत सरकारलाच कापूस द्यायचा. व्यापाऱ्याला विकला किंवा राज्याची हद्द ओलांडली तर तो गुन्हेगार. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा तेही झोनबंदी ठरवणार. शहरात भाव चढले की निर्यात बंद. हा विषय जुना झाला असं कुणाला वाटत असेल तर त्यानं २०२३ आठवावं. ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, ती उठली ४ मे २०२४ ला. डिसेंबरात बाजारात असतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. बंदी आली त्या आठवड्यात लिलाव थांबले होते. पुन्हा सुरू झाले आणि पहिला पुकारा ऐकून सत्तरीला आलेले माझे वडील ट्रॅक्टरच्या फाळक्यावर नुसते बसून राहिले. मी शेजारी उभी होते. त्यांचा माल, त्यांचं रान, त्यांचं पाणी, त्यांची मजुरी. आणि दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं त्याची किंमत ठरवली होती. हा अन्याय आहे असं म्हणायला उजवं असावं लागत नाही. मी तर म्हणेन, की गरिबाच्या ताटाची काळजी करणाऱ्या डाव्या माणसाला या प्रसंगाची लाज वाटली पाहिजे. ते ताट भरण्याचं बिल दुसऱ्या एका गरिबाच्या खिशातून वसूल केलेलं असतं.

आमच्याकडं हे म्हणणं नवीनही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्यात शेतकऱ्याला नागवणारा आहे तो सरकारी अंमलदार, वकील, भट, सारा वसूल करणारी सगळी यंत्रणा. राज्याच्या उधळपट्टीवर इतका संतापलेला माणूस त्याच पुस्तकात सरकारला सांगतो, की तुझ्या पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून रानोमाळ ताली-बंधारे घालून घे, आमच्या पोरांना शिकव. नाना त्यातलं पहिलं पान वाचून दाखवत, मामा दुसरं. पुस्तक एकच.

१९८६ च्या नोव्हेंबरात, ९ आणि १० तारखेला, चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. मी सहा वर्षांची. मला आठवते ती धूळ, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्यांचा वास आणि आईचा हात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून बायका आल्या होत्या, लाखोंनी. ज्यांनी तोवर जत्रेखेरीज गाव सोडलेलं नव्हतं, त्या बायका मंडपात बसून सांगत होत्या, की शेतीच्या तोट्याचा सगळ्यात जड वाटा आमच्या डोक्यावर आहे. त्यानंतर तीनेक वर्षांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. जोशींचं सांगणं असं: आम्ही घामाचे दाम मागतो, मग घरच्या लक्ष्मीच्या घामाचे दाम कुठे आहेत? तिचं कर्ज आधी फेडा. गावातल्या शंभर जणांनी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर केला, की ते गाव लक्ष्मीमुक्त. कायद्याची सक्ती नाही, अनुदान नाही. गावचा सत्कार करायला मात्र ते स्वतः येत.

नानांनी एक एकर आईच्या नावावर करायचा ठरवला. सोपं नव्हतं ते. चुलत्यांनी बोलणं टाकलं. कागद करून आणला तर सातबाऱ्यावर आईचं नाव चढलं ‘इतर हक्क’ या रकान्यात. नाना परत गेले. "इतर हक्कात विहीर असते, बँकेचा बोजा असतो. माझी बायको बोजा नाही," असं त्यांनी चावडीवर सांगितलं. तिसऱ्या खेपेला ते नाव मालकीच्या सदरात आलं. त्या रात्री आईनं कंदिलाच्या उजेडात तो उतारा हातात धरला होता. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून तिचं नाव दाखवलं. पुढच्या हंगामात नाना म्हणाले कांदा लावू. आई म्हणाली बाजरी आणि तूर. नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या एकरात बाजरी झाली.

मला स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ विचारला तर मी ही बाजरी सांगेन. आणि हे जे घडलं ते रेघेवर कुठे ठेवायचं, ते मला अजून कळत नाही. बाईच्या नावावर जमीन ही डाव्यांची, स्त्रीवाद्यांची जुनी मागणी. ती इथे पुरी केली बाजारवादी म्हणवणाऱ्या माणसानं, सरकारला मध्ये न आणता, मालमत्तेच्या हक्कावर नितांत श्रद्धा ठेवून. देजाकनं प्रूधाँला जे सुनावलं होतं, ते इथे एका स्वतंत्रतावाद्यानं स्वतःच्याच अनुयायांना सुनावलं.

गेल ऑम्व्हेट यांना हे फार लवकर उमगलं होतं असं मला वाटतं. मिनियापोलिसला जन्मलेली ही बाई सांगलीतल्या कासेगावची झाली. मार्क्स, फुले, आंबेडकर आणि स्त्रीमुक्ती यांना एकत्र घेऊन चालणारी, श्रमिक मुक्ती दलातली. तिच्या बरोबरीचे बहुतेक डावे शेतकरी संघटनेला धनिक शेतकऱ्यांची टोळी म्हणत होते, तेव्हा ती शेतकरी संघटनेच्या बायकांबरोबर उभी राहिली आणि ही नवी चळवळ आहे, हिला जुन्या चौकटीत कोंबू नका, असं लिहीत राहिली. त्यासाठी तिनं आपल्या लोकांची बोलणीही ऐकली.

पण मामाचं ते दार नसलेल्या माणसाचं बोलणं तसंच उरलं होतं. ते मला पुस्तकात भेटण्याआधी आमच्या बांधावर भेटलं.

कांद्याच्या लागवडीला सुरगाण्याकडच्या टोळ्या आमच्या भागात येतात. आमच्याकडं वर्षानुवर्षं येणारी एक मावशी होती. टोळी तिच्या शब्दावर चालायची. दुपारी बांधावर भाकर खाताना आईनं मोठ्या आनंदानं तिला लक्ष्मीमुक्तीची गोष्ट सांगितली. मावशीनं सगळं ऐकून घेतलं, हातावरचं मिरचीचं बोट पुसलं आणि विचारलं, "तुझ्या नवऱ्याकडं व्हती, म्हनून त्यानं दिली. माझ्याकडं कोन देनार?"

आई गप्प झाली. नाना थोड्या अंतरावर होते, त्यांनीही ऐकलं. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, भाव मिळाला तर मजुरी वाढेल. कुणीही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले. ते खोटं नव्हतं; भाव चांगला असलेल्या वर्षी त्यांनी मजुरी वाढवलेली मी पाहिली आहे. पण मावशीनं मजुरी विचारली नव्हती. तिनं विचारलं होतं, की सुरुवातीला वाटणी झाली तेव्हा मी कुठे होते?

स्वतंत्रतावादाची खरी परीक्षा याच प्रश्नाशी आहे. त्याच्या मोठ्या माणसांनी हा प्रश्न टाळलेला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. जॉन लॉक म्हणतो, जमिनीत आपले श्रम मिसळले की ती आपली होते. पण लगेच अट घालतो, की इतरांसाठी तेवढीच आणि तशीच चांगली जमीन शिल्लक राहिली पाहिजे. रॉबर्ट नोझिकनं १९७४ मध्ये किमान राज्याची बाजू मांडली. त्याच्या न्यायाला तीन पाय आहेत: मालमत्ता मुळात रीतसर मिळालेली असावी, तिचं हस्तांतर राजीखुशीचं असावं, आणि मागे अन्याय झाला असेल तर त्याची भरपाई व्हावी. पहिले दोन पाय सगळ्यांना पाठ असतात. तिसऱ्या पायावर कुणी उभं राहत नाही, कारण तिथे उभं राहिलं की अर्ध्या जगाचे सातबारे काढून तपासावे लागतील. डोंगरातलं जंगल सरकारनं १८७८ च्या, मग १९२७ च्या कायद्यानं आखून घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या नागली-वरई पिकवणारी माणसं आपल्याच रानात अतिक्रमणवाली ठरली. नोझिकचा तिसरा पाय गंभीरपणे घेतला, तर मावशीची फिर्याद सगळ्यात आधी ऐकावी लागते.

काहींनी तो गंभीरपणे घेतला. अमेरिकेतल्या हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंतानं १८७९ मध्येच म्हटलं होतं, की कष्टाची कमाई ज्याची त्याची, तिच्यावर कर कशाला? पण जमीन कुणी केलेली नाही, तिचा खंड सगळ्यांचा. आपल्याकडं विनोबा ‘सबै भूमि गोपाल की’ म्हणत पायी फिरले ते वेगळ्या वाटेनं, पण त्याच गावाला निघाले होते. आजच्या काळात हिलेल स्टायनर, पीटर व्हॅलेंटाइन, मायकेल ओत्सुका हे तत्त्वज्ञ स्वतःला डावे स्वतंत्रतावादी म्हणवतात: माझ्या देहावर आणि श्रमावर पूर्ण मालकी माझी, निसर्गावर सगळ्यांची. वाचायला कोरडं वाटतं. पण पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर उभी केलेली पाणी पंचायत पाहिली की त्यात ओल येते. तिथे पाणी जमिनीच्या मापानं वाटलं गेलं नाही, माणसांच्या मापानं वाटलं गेलं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्याचा हिस्सा. वर्गणी गावाची, नियम गावाचे, मुंबईहून कुणी साहेब येऊन झडपा उघडत नव्हता. हे डावं की उजवं? आमच्या गावात आज ज्याच्याकडं पैसा तो पाचशे-सातशे फूट बोअर घेतो आणि शेजारच्या विहिरीचं पाणी ओढतो. प्रत्यक्षात त्याला कुणी अडवत नाही, कारण जमीन त्याची. नानाही त्याला मालकी म्हणत नाहीत. चोरी म्हणतात. प्रूधाँचा शब्द त्यांच्या तोंडून असा आलेला ऐकून मला भरून आलं होतं.

मालकी आणि गुलामी एकाच कागदावर कशी लिहिलेली असू शकते, ते समजायला महाराष्ट्रात वतनाइतकं चांगलं उदाहरण नाही. महार वतन म्हणजे जमिनीचा एक तुकडा आणि त्याच्या बदल्यात पिढीजात, रात्री-अपरात्रीची, केव्हाही बोलावतील तेव्हाची सरकारकाम आणि गावकी. कायद्यानं बांधलेली वेठच ती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात ती मोडण्यासाठी विधेयक आणलं. आयुष्यभर त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. वतनं गेली ती त्यांच्या निधनानंतर, १९५८ च्या कायद्यानं. माणसाला त्याच्या देहाचं आणि वेळेचं मालक करणारी याहून मोठी लढाई कुठल्या स्वतंत्रतावाद्यानं लढली असेल तर मला माहीत नाही. आणि याच माणसानं १९४७ मध्ये संविधान सभेसाठीच्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी अशी मागणी केली. तिथे त्यांनी एक प्रश्न विचारला आहे, तो मी विसरू शकत नाही. राज्यानं हात काढून घेतला की स्वातंत्र्य वाढतं म्हणता, पण कुणाचं? जमीनदाराचं खंड वाढवायचं, कारखानदाराचं कामाचे तास वाढवायचं आणि मजुरी कमी करायचं. राज्याच्या ताब्यातून सुटलेला माणूस मालकाच्या ताब्यात जातो, असं ते बजावतात.

मामाचं दाराचं वाक्य हेच आहे. नानांना ते पटत नसे, पण आंबेडकरांचं नाव आलं की ते वाद थांबवत. वतनाबद्दल त्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात ते पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती.

माझं मत मी इथेच सांगून टाकते. दोन्ही विचार एकत्र नांदू शकतात, पण दोघांनाही आपापलं एक लाडकं आंधळेपण सोडावं लागतं. स्वतंत्रतावाद्याला मालकाच्या सत्तेला सत्ता म्हणावं लागतं आणि मालकी आली कुठून, हे विचारू द्यावं लागतं. डाव्याला हे मान्य करावं लागतं, की गरिबाच्या नावानं उभारलेला परवाना, बंदी, मंडळ आणि महामंडळ हे गरिबाच्याच छातीवर बसू शकतं, आणि बसलेलं आहे. यातलं दुसरं मामाला फार जड गेलं. पण रायगडात त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं.

पेण भागात महामुंबई सेझसाठी, म्हणजे उद्योगांच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी घ्यायचं चाललं होतं. हातात हत्यार होतं १८९४ चा भूसंपादन कायदा: सरकारनं ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हटलं, की तुमच्या नकाराला किंमत नाही. शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले ते शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील आणि लाल बावट्याखालचे सगळे. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत जनमत घेतलं गेलं. पुढे ते संपादन बारगळलं. मामा तिकडे जाऊन आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "माझी जमीन मी देणार नाही, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला मी खांद्यावर घेऊन नाचलो, दाजी." नाना काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या बिल्ल्याची पिन नीट केली आणि चहाचा कप मामाच्या हाती दिला. १९७८ मध्ये चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तेव्हा डाव्यांना आनंदच झाला होता. तो हक्क गेल्याचा मार सेझच्या, धरणांच्या आणि खाणींच्या गावांनी खाल्ला.

सगळीकडं असं जुळत नाही, तेही लिहिलं पाहिजे. बाजार समितीतला हमाल-मापाडी हा आमच्या घरातला कायमचा तिढा. नाना म्हणत, तोलाई-वाराई, म्हणजे माल तोलायची-उतरवायची मजुरी, आमच्या विक्रीच्या पट्टीतून का कापता? मामा म्हणे, १९६९ च्या माथाडी कायद्याआधी पाठीवर पोतं वाहणाऱ्याला ना सुटी होती ना फंड. तो कायदा गेला तर तो पुन्हा रस्त्यावर येईल. यावर त्यांचं कधीच एकमत झालं नाही, आणि माझं मन मामाकडं झुकतं. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं, आणि ते एक मत शरद जोशींचं होतं. मतदारसंघ फिरते ठेवायच्या पद्धतीला त्यांचा आक्षेप होता, आणि तो आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. तरी चांदवडच्या मंडपात आईचा हात धरून बसलेल्या मला ते मत लागलं. आजही लागतं. आई मात्र म्हणाली, "त्यांनी मला जे दिलं ते मताला विचारून दिलं नव्हतं."

मावशीचा प्रश्न पुढे रस्त्यावर आला. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जो आदिवासी कसत होता, त्याला चार हेक्टरपर्यंत कसत असलेल्या रानाचा हक्क. डाव्यांच्या आणि आदिवासी संघटनांच्या रेट्यातून आलेला कायदा, आणि त्यात मागितलं काय, तर पट्टा. नाव. सातबारा. पट्टा निघतो तो नवरा-बायको दोघांच्या नावानं. लक्ष्मीमुक्तीत नानांना ज्यासाठी तीन खेपा घालाव्या लागल्या, ते इथे कायद्यातच लिहिलं आहे. पण कागद कायद्यात असतो, हातात येत नाही. म्हणून ६ मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला पायी मोर्चा निघाला. मावशी त्यात होती, साठीच्या पायांनी. मामाही होता, निवृत्त झालेला. शेवटच्या रात्री, दहावीच्या मुलांना परीक्षेला जायला अडचण नको म्हणून, ते सगळे रात्रीतूनच चालत आझाद मैदानावर पोचले. टीव्हीवर ती लाल टोप्यांची नदी बघताना नाना रडले. "सातबारा मागायला निघालेत," एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत होते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल मी त्यांना त्याच दिवसांत वाचून दाखवलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि गावानं आपला बांबू बाजारात आपल्या भावानं विकला. रान सगळ्यांचं, विक्री मोकळी, साहेब नाही. नाना म्हणाले, "हे आमचं." फोनवर मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "हे आमचं." मी दोघांचंही ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी लागवडीला मावशी आली ती कामाला नाही, भेटायला. पट्टा मिळाला होता. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. भाऊबीज होऊन गेली होती, पण मामा मुक्कामाला होता. नानांनी चष्मा लावून कागद वाचला. वारसाला जाईल, विकता येणार नाही, हे त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"विकता येत नाही, मग मालकी कसली ही?" ते म्हणाले.

"विकता आली असती तर दोन वर्षांत फार्महाऊसवाल्याच्या घशात गेली असती, दाजी."

दोघंही पुन्हा सुरू झाले. आईनं मावशीपुढं चहा ठेवला. या वेळी ती आत गेली नाही, शेजारी बसली आणि म्हणाली, "तिला विचारा की."

दोघं थांबले. मावशीनं चहा बशीत ओतला, एक घोट घेतला.

"इकायची कशाला? मला न्हाई इकायची," ती म्हणाली. "पन हिर खांदायची म्हनली तर गार्ड म्हनतो, आदी इचार. माझ्या रानात हिर खांदायला मी कोनाला इचारू?"

नाना मामाकडं बघत राहिले. मग मामानं झोळीतून वही काढली, नानांनी खिशातलं पेन त्याच्या हाती दिलं, आणि त्यानं मावशीला गट नंबर विचारला.